पाळणा रिकामा धाडत नाहीत

गादी

औषध मारल्याला आठवडा झाला नाही, तोच कल्याणच्या बनियनच्या शिवणीत एक निघाला.

कल्याण तेव्हा ड्यूटीवर निघाला होता. लष्कराच्या स्टोअरमध्ये तो सिव्हिलियन कारकून, आणि गेटवर उशीर चालत नाही. त्याने बनियन उलटी करून बायकोपुढे धरली आणि आवाज खाली आणत म्हणाला, "ते परत आलेत."

या घरात 'ते' म्हणायचं. ढेकूण हा शब्द उन्हाळ्यापासून बंद होता. भिंगारच्या त्या गल्लीत घरं एकमेकांना अशी चिकटलेली, की इकडे खोकलं तर तिकडे औषध विचारतात. त्यात सविताच्या भिंतीपलीकडे तर खुद्द जाऊच. सासऱ्यांच्या एका घराची दोन घरं झाली, मधे एका विटेची भिंत आली. अलीकडे सविता आणि कल्याण, पलीकडे थोरली जाऊ पुष्पावती आणि दीर रामहरी. भिंत उभी राहिली त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं भांडणापुरतंच उरलं होतं.

"हळू बोला," सविता म्हणाली. तिने तो नखाखाली धरून चिरडला. कुजक्या कोथिंबिरीसारखा वास आला. तो वास आता तिला जेवतानाही यायचा.

"औषधवाल्याला फोन कर."

"तुम्ही करा की."

"मला ड्यूटी आहे," कल्याण म्हणाला आणि दुसरी बनियन झटकून, झटकून, परत झटकून अंगात घालून निघून गेला.

त्याला ड्यूटी होती. सविताला लेक होती. दिशा, एकुलती एक, सुप्याला दिलेली, आठवा लागलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. यात कुणाला विचारायचं काय असतं? पण विचारायची वेळ आली होती. श्रावणात दिशाची ओटी भरायला म्हणून तिला घेऊन तिची सासू लंकाबाई भिंगारला आली. दिवाणावर ऐसपैस बसली. ताट वाढलं. आणि लंकाबाईच्या मनगटावर एक चढला. बाई किंचाळली नाही की उठली नाही. चिमटीत धरून तिने तो ताटात ठेवला, पुरणपोळीच्या शेजारी, आणि भरल्या घरात, सगळ्या बायांच्या देखत विचारलं, "विहीनबाई, ह्यो काय वाढलाय?"

कुणीतरी हसलं. कोण हसलं ते सविताने बघून ठेवलं.

जाताना लंकाबाई उंबऱ्यात थांबली. "आदी घर नीट करा. ढेकनांच्या घरात माजी सून बाळंतपनाला येनार न्हाई. मी काय लई न्हाई मागत तुमच्याकडं, निसती पोर नीट हातरुनावर निजवायची म्हनते."

शब्द तिने मोकळ्या गल्लीत उच्चारला. ढेकनांच्या. सविताला तो कानशिलात बसल्यासारखा लागला.


औषध

औषधवाला नगरहून आला होता, पाठीवर टाकी आणि तोंडावर फडकं.

तो म्हणाला, सामान सगळं आतच राहू द्या, एक वस्तू बाहेर काढू नका.

सविताने देव बाहेर काढले. लोणच्याची बरणी काढली. आणि माळ्यावरचा पाळणा काढला, जुन्या लुगड्यात गुंडाळून गच्चीवर नेऊन ठेवला. घरात दिवस गेलेली लेक यायची, आणि पाळण्याला विष लावायचं?

तो म्हणाला, चार-सहा तास घर बंद ठेवा.

तिने ठेवलं. कल्याणसोबत मारुतीच्या पारावर बसून राहिली, आल्यागेल्याला सांगत राहिली की आत रंगकाम चाललंय.

तो म्हणाला, फरशी पुसायची नाही, भिंती धुवायच्या नाहीत, औषध बसू द्या.

हे तिने ऐकलं. भादवा संपत आला होता, गल्लीतल्या बाया घटांच्या आधी दसरा काढत होत्या, घरंच्या घरं धुऊन निघत होती, दोऱ्यांवर गोधड्या आणि वाकळा लोंबत होत्या. सविताच्या घरात मात्र पाण्याचा थेंब नव्हता. घट बसायला आले तरी हिने दसरा काढला नाही, हे गल्लीने बघितलं. सविताने बघू दिलं.

तो म्हणाला, ग्यारंटी आहे.

आता फोनवर तो म्हणाला, "ताई, तुम्ही पुसलं असणार."

"नाही पुसलं."

"मग सामान बाहेर काढलं असणार."

"नाही काढलं," सविता म्हणाली आणि खोटं बोलतोय असं तिला क्षणभरसुद्धा वाटलं नाही. देव सामानात येत नाहीत. पाळणाही नाही.

"मग शेजारून येतात," तो म्हणाला. "शेजारून आले तर ग्यारंटीत बसत नाही."

शेजारून. सविताने फोन ठेवला आणि मधल्या भिंतीकडे बघितलं.


मधली भिंत

"ओ जाऊबाई."

"बोल."

"तुमच्याकडून येतात."

"काय येतंय?"

"माहितीये तुम्हाला."

"मला कसं म्हाईत? तू नाव घीना त्यांचं. नवऱ्याला नावानं हाक मारती आन त्यांचं नाव घ्यायला लाजती व्हय गं?"

"वायरच्या पाइपातून येतात. बोर्ड उघडून बघितलाय मी."

"मग आडवून इचारायचं, कुठला रं तू म्हनून. आधार कार्ड असंल त्याच्याकडं."

"आम्ही औषध मारलं, तुम्ही नाही मारलं. आमच्याकडचे पळाले ते तुमच्याकडे आले, आता तुमच्याकडचे परत..."

"थांब. काय म्हनली? तुमच्याकडचे पळाले. म्हंजी हायेत तुझेच. माझ्याकडं निसते मुक्कामाला हुते. तुझे तू बोलवून घे, मी अडवायची न्हाई."

सविता स्टुलावर उभी होती, हातात अंगाच्या साबणाची ओली वडी. ती साबण भिंतीच्या भेगांत भरत होती, खिळ्यांच्या भोकांत, बोर्डाच्या कडेला, तसबिरीच्या मागे. पलीकडून पुष्पावतीच्या शिवणयंत्राचा आवाज येत होता. पुष्पावती गोधड्या शिवायची. जुन्या साड्यांच्या, बारीक धावदोऱ्याच्या, कडेला त्रिकोणांची नक्षी. नगरपासून सुप्यापर्यंत तिला मागणी होती, बाळंतिणी तर तिच्याच गोधड्या मागायच्या. सविताला तो यंत्राचा आवाज त्या क्षणी ढेकणांचाच वाटला, कुरतडल्यासारखा. ढेकूण कुरतडत नाही, चोखतो, हे तिला माहीत होतं. तरीही.

दुपारी ती गिरणीत गेली. दळण टाकलं. आणि कुणी न विचारता म्हणाली, "आमच्या जाऊबाईंच्या गोधड्यांत झालेत. आम्हालापण त्यांच्याकडूनच. कुठल्या कुठल्या साड्या गोळा करून आणतात, काय सांगणार."

गिरणीतला शब्द पिठाबरोबर घरोघर जातो. चार घरांनी सांगितलेल्या गोधड्या मोडल्या. कुणी दिलेल्या साड्या परत मागितल्या. पलीकडचं यंत्र एक दिवस थांबलं, मग दुसराही दिवस. सविताला शांतता बरी वाटली.


चादर

घट बसायच्या आधी लंकाबाई पुन्हा आली, न सांगता, भर दुपारी. काखेत पिशवी. पिशवीतून तिने स्वतःची पांढरीशुभ्र चादर काढली, झटकली, दिवाणावर अंथरली आणि त्यावर बसली.

"औषध मारलं म्हनं."

"मारलं. नगरचा माणूस आणला होता."

"मग बरंय. च्या टाका."

सविताने चहा टाकला. लंकाबाई बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायली. दिशाची तब्येत सांगितली, सोयाबीन कसं आलंय ते सांगितलं. सविता चादरीकडे बघत होती. चादरीवर काही नव्हतं. लंकाबाई बोलत होती. चादरीवर काही नव्हतं. लंकाबाईने बशी खाली ठेवली. चादरीच्या शिवणीपाशी एक ठिपका होता आणि तो चालत होता.

"व्हय," लंकाबाई म्हणाली. "हायेत."

"ते शेजारचे आहेत. जावेकडून येतात. तिच्या गोधड्यांत झालेत."

"आसं?" लंकाबाईने चादरीची चारी टोकं उचलली, मधे गाठ मारली, गाठोडं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं. "तुमच्या जावंला मी दिशाच्या बाळासाठी गोधडी सांगितली हुती. मोडते मग." पिशवी उचलून म्हणाली, "ह्ये ओमला दावते. बायकूचं बाळंतपन सुप्यालाच."

ओम म्हणजे जावई. आईने दाखवलेलं सगळं बघणारा.

दारात उभं राहून लंकाबाईने पदर झटकला, निऱ्या झटकल्या, चपला एकमेकींवर आपटल्या. गल्ली बघत होती. गल्लीचं हवं तेवढं बघून झाल्यावर मग लंकाबाई गेली.


फोन

"राहू दे मम्मी. मी इथंच करते."

"का राहू दे? मी मेले का?"

"तसं नाही."

"मी परत औषध मारते. दिवाण जाळते. तू ये फक्त."

फोनमधून खर्रखर्र आवाज आला. थांबला. परत आला.

"काय करतीयस गं?"

"काही नाही. घामोळं उठलंय हातावर."

"आता भादव्यात घामोळं?"

"उष्णता असेल. आत्या हाक मारतायत, ठेवते."


गच्ची

दिवाण जाळायचा तर आधी गच्चीवर जागा करायला हवी म्हणून सविता वर गेली. गच्ची दोन्ही घरांची एकच होती. तिथे भिंत घालायचं राहून गेलं होतं. पुष्पावती दोरीवरून गोधड्या काढत होती. परत आलेल्या, कुणी न घेतलेल्या.

सविताने मान फिरवली.

"तिकडं काय बघती? हिकडं बघ," पुष्पावती म्हणाली. तिने एक गोधडी सविताच्या पायांपुढे टाकली. निळी, नवीन, कडेला त्रिकोण. त्रिकोणांच्या टोकांत काळे ठिपके होते. "ही धुतलेली गोधडी. दोरीवर वाळत हुती. तुझा औषधवाला खाली फवारत हुता त्या दिवशी. आन तू तुझा पाळणा आनून ठिवला हितं, दोरीखाली. गोधडीचं टोक पाळण्यात लोंबत हुतं. सांजच्याला काढाय आले तर चढल्याले."

"पाळण्यात नाहीत."

"मग पाळण्यातनं काय पारिजातकाची फुलं चढली?"

"तुमच्यातलेच असतील. खालून आणले असतील तुम्ही."

"माझ्यात चैतापातूर एक न्हवता. आन भादव्यापातूर न्हवता. तुला म्हाईत हाय, गिरणीत काय बोलून आलीस ते. मी यंत्र झाकून ठिवलंय तवापासनं." पुष्पावतीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जा. बघ जा तुझा पाळणा. आन दिसलं तर मला येऊन सांगू नको. गिरणीत जाऊन सांग."

सविता खाली आली ती केवळ पुष्पावतीला खोटी पाडायला.


पाळणा

सागवानी. सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतलेला, चार खांबांवर कोरलेले राघू, पितळी कड्या. या पाळण्यात घातलेलं मूल दगावलं नाही असं गल्ली म्हणायची. म्हणून तो मागितला जायचा, आणि मागितला की नाही म्हणायचं नाही. बारशाला जायचा, महिना दोन महिने राहायचा, परत यायचा. परत यायचा तो कधीच रिकामा नाही. पाळणा रिकामा धाडत नाहीत. कुणी नारळ घालायचं, कुणी खण, कुणी मूठभर गहू.

चैत्रात तो सुप्याला गेला होता. लंकाबाईची लेक धनश्री, तिच्या मुलाचं बारसं. विहीणबाईंनी आपल्याकडचा पाळणा मागावा, सविताची छाती तेव्हा केवढी फुगली होती. परत आला तेव्हा आत नारळ होता आणि एक दुपटं, लंकाबाईने हाताने शिवलेलं, धनश्रीच्या बाळाच्या अंगाखाली राहिलेलं. दुपटं तसंच पाळण्यात ठेवून सविताने पाळणा माळ्यावर चढवला होता. माळा दिवाणाच्या बरोबर वर.

आता तिने लुगडं सोडलं.

दुपट्याची शिवण उलटी केली.

ते काही पळाले नाहीत. गच्च बसले होते, दाटीवाटीने, तांदळाएवढे, तिळाएवढे, मधे पांढरी अंडी. खांबांच्या सांध्यात, राघूंच्या चोचींत, कड्यांच्या भोकांत. औषधाचा वारासुद्धा लागला नव्हता त्यांना. त्यांना तिने स्वतः उचलून गच्चीवर हवेला नेलं होतं आणि संध्याकाळी परत आणून घरात वर चढवलं होतं, जपून, दोन्ही हातांनी.

पुष्पावती बरोबर होती, हा विचार आला आणि सविताने तो लगेच बाजूला सारला. दुसरा जास्त कामाचा होता.

दुपटं लंकाबाईचं होतं.


सुपा

कल्याणने ओळखीच्या माणसाचा टेम्पो आणला. पाळणा प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागे ठेवला. रस्ताभर तो फक्त एकदा बोलला, "जरा दमानं घे," आणि सविता म्हणाली, "तुम्ही गाडी चालवा."

लंकाबाईच्या ओसरीसमोर चार बाया शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्या देखत सविताने पाळणा उतरवून घेतला. कल्याण म्हणाला, "मी गाडीपाशी थांबतो."

लंकाबाई बाहेर आली आणि जागीच थिजली. "ह्यो काय अवदसापना विहीनबाई? पोर पोटात हाय आन पाळना दारात आनता?"

सविताला हेच हवं होतं. बाळ यायच्या आधी पाळणा दारात आणू नये, हे तिला लंकाबाईइतकंच माहीत होतं. "रिकामा नाही आणला," ती म्हणाली. "तुम्ही घालून दिलं होतं ते तसंच आत आहे. शिवण उघडून बघा. का मी उघडू, यांच्यापुढे?"

शेंगा फोडणारे हात थांबले.

लंकाबाईने एकदा बायांकडे बघितलं, एकदा पाळण्याकडे. "आत या," ती म्हणाली.

आतल्या खोलीत दिशाची कॉट होती. कॉटचे पाय स्टीलच्या वाट्यांत होते, वाट्यांत पाणी, पाण्यावर तेलाचा तवंग. भिंतीला मुंग्यांच्या खडूच्या पांढऱ्या रेघा, एकावर एक. सविता बघतच राहिली. दिशा स्वयंपाकघरातून आली, पोट पुढे, हात मागे लपवलेले.

"हात दाव," सविता म्हणाली.

"मम्मी..."

"दाव."

मनगटापासून दंडापर्यंत लाल गांधी, ओळीने, एकाशेजारी एक. घामोळं ओळीने उठत नाही.

"बगा. पोटभर बगा," लंकाबाई म्हणाली. "तुमचा पाळना ह्या घरात आला, त्या दिसापासनं ह्ये हाय. धनश्री तर महिन्यात बाळ घिऊन पळाली सासरला. श्रावनात मी काय ओटी भराया आले हुते? बगाया आले हुते, कुठनं आलं ते. आन ताटात घावलं मला."

"चैत्राआधी आमच्यात एक नव्हता."

"आमच्यातबी न्हवता."

दोघी दारातून बाहेर, ओसरीतल्या पाळण्याकडे बघायला लागल्या. सुप्याच्या आधी तो गल्लीतच कुठेतरी होता, त्याच्या आधी कुणाच्या तरी माहेरी, त्याच्या आधी कुठे ते सविताला आठवेना. प्रत्येक घराने त्यात काहीतरी घातलं होतं.

"मग पोरीला का अडवली?" सविताचा आवाज फाटला. "तुमच्याकडे आहेत, आमच्याकडे आहेत. मग माझ्याकडे का नाही?"

"कारन तुमी तिला न्हाऊ घालनार. अंग बगनार. आन मग दळान घिऊन गिरनीत जानार." लंकाबाई शांतपणे बोलत होती. "सख्ख्या जावंचं काय केलं तुमी? तिचा धंदा बसवला. मला तर चादरीवर बसल्या जागी सांगितलं, मी न इचारता. माजी दुसरी पोर लग्नाची हाय. तिला बगाया येतील त्या लोकांला भिंगारातनं कळनार, लंकाबाईच्या घरात ढेकनं. तुमचं तोंड म्हाईत हाय मला. म्हनून अडवली."

सविताने आता काही उत्तर दिलं असतं तरी ते गिरणीतलंच निघालं असतं.

दिशा कॉटच्या कडेला बसली. वाटीतलं पाणी हललं. "कुणाचे कुठून आले ते तुम्ही दोघी ठरवा," ती म्हणाली. "मला झोप नाही. किती दिवस झाले, नीट झोप नाही. चावूनच घ्यायचं असलं तर मी माझ्या आईच्या घरातल्यांकडून चावून घेते."

लंकाबाईने दारातून ओसरीतल्या बायांकडे बघितलं. मग म्हणाली, "जा. पर एक काम करून जायचं, विहीनबाई. आता ह्या बाया इचारनार पाळना कशाला आनला हुता. त्यांला सांगून जायचं. कुनाच्या घरातले हायेत ते."

"मी?"

"मग काय मी?"

सविताने दिशाकडे बघितलं. दिशा दंड खाजवत होती, पोरीला ते कळतही नव्हतं. रक्त आलं होतं.

सविता ओसरीत गेली. चौघी बाया मान वर करून बसल्या होत्या, मांडीवर टरफलं. टेम्पोपाशी कल्याण टायरकडे बघत होता. उन्हाळ्यापासून बंद ठेवलेला शब्द तिच्या तोंडात आला, तिने तो एकदा गिळला, तो पुन्हा वर आला.

"पाळण्यात ढेकूण झालेत," ती म्हणाली. "आमच्या घरातले. आमच्याकडून इकडे आलेत."

"आगंबाई," एकजण म्हणाली आणि मांडीवरची टरफलं झटकून उठली.

लंकाबाईने दिशाची बॅग स्वतः आणून टेम्पोत ठेवली.


अंगण

बॅग काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून उन्हात टाकली. दिशाने मोरीत कपडे बदलले, आईचा गाऊन घातला. औषधवाला दुसऱ्या फवारणीला यायचा होता, या वेळी घरातली एक वस्तू बाहेर निघणार नव्हती, देव सोडून. आणि पाळणा.

पाळणा जिन्याखालच्या आडव्या पाइपाला टांगला होता. जमिनीवर ठेवला तर पाणी सांध्यांत शिरत नव्हतं. दुपटं जाळून टाकलं होतं. सविता उकळत्या पाण्याचा तांब्या सांध्यांवर, राघूंच्या चोचींवर, कड्यांच्या भोकांत ओतत होती. ते बाहेर पडत होते, लालसर, फुगलेले, फरशीवर पसरत होते आणि ती चपलेने रगडत होती. गॅसवर एकच पातेलं मावत होतं. पाणी पुरत नव्हतं. एक भांडं उकळेपर्यंत उरलेले परत सांध्यांत शिरत होते.

अंगणाच्या मधल्या कमरेएवढ्या भिंतीवर धाडकन काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. पुष्पावती. तिने लग्नातलं मोठं पातेलं भरून पाणी उकळून आणलं होतं, वाफ तिच्या तोंडावर येत होती. हात मात्र तिने पातेल्यावरून काढले नाहीत.

"तुझ्यासाठी न्हाई," ती म्हणाली. "तिकडनं हिकडं येत्यात म्हनून. अंगनातनं तर भोक बुजवायलाबी साबन न्हाई."

"द्या," सविता म्हणाली.

"सुप्यात सांगून आलीस म्हनं. कुनाचे हायेत ते."

सविताने कल्याणकडे बघितलं. कल्याण तातडीने आत गेला.

"हितं कधी सांगनार?"

"पाणी द्या आधी. परत शिरतायत."

"शिरू दे."

सविताने तांब्यातलं उरलंसुरलं पाणी जोरात फेकलं. पाळण्याला धक्का बसला आणि तो हलायला लागला. पाइपावर कड्या करकरल्या. एक झोका. दुसरा.

"अगं धर," पुष्पावती एकदम म्हणाली. "धर तो. रिकामा हलतोय, पोर समोर बसलीय."

सविताने दोन्ही हातांनी पाळणा धरला. लाकूड तापलेलं होतं, पितळेची कडी तर चटकाच देत होती. हात भाजला, पण तिने सोडला नाही. पायरीवर बसलेली दिशा पोटावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

"रिकामा कुठाय तो," दिशा म्हणाली.

बोटांच्या मधून एक सविताच्या मनगटावर चढला. दोन्ही हात अडकलेले. ती त्याच्याकडे बघत राहिली. गल्लीत दारं उघडी होती; वाफ दिसली की बाया बघायला येतातच. गिरणीवाल्याची बायकोही होती.

"पानी निवतंय, सविते."

सविताने मान वळवली. एकदा बोललेला शब्द दुसऱ्यांदा सोपा जाईल असं तिला टेम्पोत वाटलं होतं. तसं काही नव्हतं. सुप्याच्या बाया परक्या होत्या.

"ढेकूण आमच्या पाळण्यातले होते," ती म्हणाली. "जाऊबाईंच्या गोधड्यांत नव्हते. मीच पाळणा त्यांच्या गोधड्यांखाली ठेवला."

पुष्पावतीने पातेलं थोडंसं पुढे सरकवलं. हात अजून वरच होते.

"जरा मोठ्यानं," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या बनुबाईला कमी ऐकू येतं."